वाळूतली चाकोरी

बार्जची फळी वाळूला टेकते, गाड्या एकेक करून खाली उतरतात आणि थोड्या पुढे जाऊन थांबतात. चालक उकिडवा बसतो, टायरच्या व्हॉल्व्हचे टोपण काढतो आणि हवा सोडू लागतो. डांबरी रस्त्यावर चाळिसाच्या आसपास असलेला दाब इथे विसापर्यंत आणावा लागतो. टणक टायर वाळू कापत खाली जातो, मऊ टायर पसरून वरच्यावर राहतो. हवा सोडून झाली की भरती-ओहोटीचे वेळापत्रक बाहेर निघते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास पुळणीवर गाडी घालू नये, असे इथे बजावून सांगतात. न ऐकणाऱ्यांच्या गाड्या दर हंगामात खाऱ्या पाण्यात रुतलेल्या दिसतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यालगतचे हे गरी बेट २०२३ पर्यंत नकाशावर फ्रेझर आयलंड म्हणून ओळखले जायचे. लांबी १२० किलोमीटरच्या वर, रुंदी जास्तीत जास्त २२-२३, आणि क्षेत्रफळ सुमारे १,६५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होते त्याच्या पावणेतीन पट. यातला जवळजवळ सगळा भाग वाळूचा. जगातले सर्वांत मोठे वाळूचे बेट हेच. वाळूवर उभे राहिलेले वर्षावन, गोड्या पाण्याची शंभरावर तळी, रानटी डिंगो आणि समोरच्या हर्वी बेमध्ये जुलै ते ऑक्टोबर विसाव्याला येणारे कुबड्या देवमासे पाहायला दरवर्षी लाखो माणसे इथे येतात. ब्रिस्बेनमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या लांब सुट्टीच्या बेतांतही हे नाव हटकून असते.

रिसॉर्टचे आवार सोडले तर बेटावर डांबरी रस्ता नाही. पूर्वेची सेव्हंटी-फाइव्ह माइल बीच ही पुळण हाच हमरस्ता. तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, वाहतुकीचे नेहमीचे सगळे कायदे लागू आहेत, आणि पर्यटकांना फिरवणारी छोटी विमानेही त्याच वाळूवर उतरतात. आत जंगलात शिरणारे रस्ते एकेरी आहेत. दोन खोल चाकोऱ्या, मध्ये उंचवटा आणि दोन्हीकडे झाडी. समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने मागे जायचे.

या चाकोऱ्या पर्यटकांसाठी पाडलेल्या नाहीत. बेटावर पायी फिरणाऱ्यांसाठी ९० किलोमीटरची आखलेली वाट आहे. ती दक्षिणेला डिली व्हिलेजपाशी सुरू होते आणि उत्तरेला हॅपी व्हॅलीला संपते. आपल्या दिल्लीशी या डिलीचा संबंध नाही. ती एके काळी वाळूच्या खाणीवरल्या कामगारांची वसाहत होती. वाटेत लागणारे सेंट्रल स्टेशन हे लाकूडतोड्यांचे गाव होते. मधले कित्येक तुकडे ओंडके वाहणाऱ्या ट्रामच्या जुन्या मार्गावरून जातात, तर काही तुकडे त्याहून कितीतरी जुन्या, बेटाच्या मूळ रहिवाशांच्या म्हणजे बुचुल्लांच्या पायवाटांवरून. ‘अस्पर्श निसर्ग’ पाहायला निघालेला माणूस इथे पावलोपावली दुसऱ्या कुणाच्या तरी कामाच्या वाटेवरून चालत असतो. त्या वाटा उलट्या दिशेने धरत गेले, तर अस्पर्श वाटणारे हे बेट कसे घडले आणि कुणी घडवले हे उलगडत जाते.

सगळ्यांत जुना वाटसरू

या बेटावर सर्वांत आधी आली ती वाळू, आणि तीही लांबचा प्रवास करून. न्यू साउथ वेल्समधल्या नद्या डोंगरांची झीज समुद्रात आणून टाकतात. आग्नेयेकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्याला तिरप्या आदळतात आणि तिथली वाळू थोडीथोडी उत्तरेकडे सरकवतात. गोल्ड कोस्टपाशी मोजले तर वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर वाळू अशी पुढे जाते. तिच्यातल्या झिरकॉनच्या कणांचे वय काढल्यावर असे दिसले, की त्यातले पुष्कळसे कण मुळात अंटार्क्टिकाच्या बाजूच्या पर्वतांतून आलेले आहेत. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला भारतही एकाच गोंडवनखंडात जोडलेले होते, तेव्हाच्या नद्यांनी ते वाहून आणले, त्यांचा वालुकाश्म झाला, आणि तो झिजून पुन्हा वाळू झाली.

ती या ठिकाणीच का थांबली? त्याचे श्रेय पूर्व किनाऱ्यावरच्या ज्वालामुखी खडकांच्या तीन-चार टोकांना जाते. इंडियन हेड, मिडल रॉक्स, वॅडी पॉइंट एवढाच काय तो खडक या बेटावर वर आलेला दिसतो. त्यांच्या आडोशाला वाळू अडली आणि वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या. काही टेकड्या दोनशे मीटरहून उंच आहेत. हिमयुगांत समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा, तेव्हा उघड्या पडलेल्या तळावरची वाळू वारा उचलून आणायचा. २०२२ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या बेटाची घडण १२ ते ७ लाख वर्षांपूर्वीची ठरवली. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट मांडली. ही वाळू इथे अडली नसती तर ती उत्तरेकडे वाहत गेली असती, आणि गढूळ, वाळूच्या पाण्यात ग्रेट बॅरिअर रीफच्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या भागात प्रवाळांना मूळ धरता आले नसते. आजही बेटाच्या उत्तर टोकाला उरलीसुरली वाळू खंडाच्या कडेवरून खोल समुद्रात ओघळून जाते.

वाळूत झाडाला खायला काही नसते, तरी इथे वर्षावन आहे. पूर्वेच्या पुळणीवरून पश्चिमेला निघाले की आपण नव्या टेकड्यांवरून जुन्या टेकड्यांवर जात असतो, आणि झाडी त्या क्रमाने बदलत जाते. आधी रांगणाऱ्या वेली, मग बँक्सियाची खुरटी झाडे, मग निलगिरीच्या कुळातली उंच झाडे आणि मध्यावर सॅटिने आणि कौरी पाइन यांचे काळोखे रान. खारे वारे, पाऊस आणि पडून कुजलेला पाला यांतून मिळणारे चिमूटभर क्षार मुळांवरच्या बुरशीने धरून ठेवायचे आणि झाडाला पोचवायचे, एवढ्याच भांडवलावर हा संसार चालतो. आणखी पश्चिमेला, सर्वांत जुन्या टेकड्यांवर, क्षार पावसाने इतके खोल धुऊन नेलेत की मुळे तिथवर पोचत नाहीत, आणि रान पुन्हा खुरटते. जमीन म्हातारी झाली की जंगलही कसे आटत जाते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या जागा जगात थोड्याच आहेत.

तळ्यांचीही तीच गोष्ट. कुजलेला पाला आणि वाळू एकत्र घट्ट होऊन खोलगटात पाणी न झिरपणारा थर बसतो आणि त्यावर फक्त पावसाचे पाणी साठते. भूजलाच्या पातळीच्या वर टांगलेली अशी तळी जगात जितकी आहेत, त्यांतली जवळजवळ निम्मी इथे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे बूमान्जिन सुमारे २०० हेक्टरांचे आणि कोऱ्या चहाच्या रंगाचे. बूरांगूरा, म्हणजे पूर्वीचे लेक मॅकेन्झी, याचा काठ शुद्ध सिलिकेचा, पिठासारखा पांढरा. या पाण्यात क्षार इतके कमी आणि आम्लता इतकी जास्त, की फार थोडे जीव त्यात तगतात. उन्हाळ्यात रोज शेकडो पोहणाऱ्यांच्या अंगावरची सनस्क्रीन त्यात उतरते, आणि पाणी बाहेर जायला वाट नसल्याने उतरलेले तिथेच राहते.

पायवाट

बुचुल्ला लोकांच्या वस्तीचे किमान पाच हजार वर्षांचे पुरावे या बेटावर मिळालेले आहेत. त्यांच्या सृष्टीकथेत आकाशातल्या बीरल देवाने पाठवलेल्या यिंडिंगी या दूताबरोबर गरी ही देवता जग घडवायला येते, या जागेच्या प्रेमात पडते आणि इथेच राहू द्या म्हणते. तिचेच बेट होते, आणि तिला आकाश दिसत राहावे म्हणून तळी तिचे डोळे होतात. पुळणीवर शिंपल्यांचे जे ढीग वाऱ्याने अधूनमधून उघडे पडतात, ते त्यांच्या जेवणावळींचे आहेत. हंगामाप्रमाणे मासळीच्या मागे किनाऱ्यावर यायचे, पुन्हा आत जायचे, होडीने खाडी ओलांडून मुख्य भूमीवर जायचे. या येण्याजाण्यातून पायवाटा पडल्या. त्यांच्या रीतीत तीन मुख्य नियम आहेत : जमिनीच्या भल्याचे असेल ते आधी, आपले नसेल ते घेऊ नये, त्याला हातही लावू नये, आणि आपल्याकडे भरपूर असेल तर वाटून द्यावे. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला या नियमांच्या कसोटीला लावून बघता येते.

पहिला युरोपीय पाहुणा बेटावर उतरलाच नाही. मे १७७० मध्ये जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ पूर्व किनाऱ्याने उत्तरेला गेले. खडकाच्या टोकावर माणसे जमलेली दिसली म्हणून कुकने त्याचे नाव इंडियन हेड ठेवले. त्या काळी युरोपीय खलाशी दूरच्या कुठल्याही मूळ रहिवाशांना ‘इंडियन’च म्हणत. हे बेट आहे हेही त्याला कळले नाही. मुख्य भूमीचाच भाग समजून तो पुढे निघून गेला. खडकावरून पाहणाऱ्यांनी मात्र ते गलबत लक्षात ठेवले, त्यावर गाणे रचले, आणि ते बुचुल्ला परंपरेत टिकून राहिले. एकाच घटनेच्या दोन नोंदी झाल्या, एक रोजनिशीत आणि एक गाण्यात. शाळेच्या पुस्तकात अर्थातच पहिलीच गेली. १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स उत्तर टोकाशी, सँडी केपला, उतरला. त्याच्याबरोबर सिडनीकडचा मूळनिवासी बंगारी होता. त्याची भाषा इथल्या लोकांना कळेना, तरी भेट शांततेत पार पडली.

एका बाईची गोष्ट

बेटाला दीड शतकाहून जास्त काळ चिकटलेले नाव एका बुडालेल्या जहाजातून आले. सिडनीहून सिंगापूरला निघालेले ‘स्टर्लिंग कॅसल’ मे १८३६ मध्ये प्रवाळांवर आदळले. कप्तान जेम्स फ्रेझर, त्याची बायको एलायझा आणि काही खलाशी होडीतून कित्येक आठवडे भरकटत दक्षिणेला आले आणि या बेटावर उतरले. कप्तान तिथेच मेला. एलायझा काही आठवडे बुचुल्ला आणि शेजारच्या लोकांत राहिली. ऑगस्टमध्ये जॉन ग्रॅहॅम नावाच्या आयरिश कैद्याने तिला मुख्य भूमीवरून सोडवून आणले. तो पूर्वी तुरुंगातून पळून याच भागातल्या लोकांत राहिलेला होता, त्यांची भाषा आणि रीत त्याला येत होती. सुटका जमली ती त्यामुळे.

इंग्लंडला परतल्यावर एलायझाने छळाची कहाणी सांगून मदतनिधी मागितला. प्रत्येक सांगण्यात कहाणी थोडी वाढत गेली. सिडनीत तिच्यासाठी आधीच वर्गणी जमली होती, आणि तिने दुसरे लग्नही केले होते, हे उघड झाल्यावर लंडनच्या लॉर्ड मेयरपुढे चौकशी बसली. पण तोवर कहाणी छापून गावोगाव पोचली होती. बुचुल्लांकडे याच घटनेची वेगळी आठवण आहे : भुकेल्या, भाजलेल्या परक्या बाईला बायकांनी आपल्यात घेतले आणि आपल्याप्रमाणेच कामाला लावले. रानटी माणसांच्या तावडीतली गोरी स्त्री हे चित्र मात्र वसाहतीला सोयीचे होते. सिडनी नोलनने ते १९४७ पासून पुन्हा पुन्हा रंगवले, पॅट्रिक व्हाइटने १९७६ मध्ये ‘अ फ्रिंज ऑफ लीव्ह्ज’ ही कादंबरी त्यावर लिहिली, आणि लॅरिसा बेहरेंट या मूळनिवासी लेखिकेने २०१६ च्या ‘फाइंडिंग एलायझा’त त्या चित्राची चिरफाड केली. काही आठवड्यांच्या नाइलाजाच्या मुक्कामावरून बेटाला नाव मिळाले. पाच हजार वर्षांचे रहिवासी त्या नावात कुठेच नव्हते.

ओंडक्यांचा मार्ग

१८६० मध्ये सरकारने हे बेट मूळनिवाशांसाठी राखीव जाहीर केले. पण इथल्या लाकडाची किंमत कळली आणि काही वर्षांतच राखीवपणा गेला. १८६३ मध्ये कुऱ्हाड चालू झाली. पहिली पाळी कौरी पाइनची, कारण त्याचे खोड सरळ, गाठी कमी आणि ओंडके पाण्यावर तरंगणारे. बैलांच्या लांब जोड्या वाळूतून ओंडके ओढत पश्चिम किनाऱ्याला आणत. तिथून ते मेरीबरोच्या लाकूड गिरण्यांना जात. आज जंगलात ज्या चाकोरीत गाडी घालावी लागते, तिची पहिली खोली या बैलांनी आणि ओंडक्यांनी कोरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रामचे रूळ आले. मॅकेन्झी नावाच्या सिडनीच्या व्यापारी घराण्याने पश्चिम किनाऱ्यावर गिरणी, ट्राममार्ग आणि लांब धक्का बांधला. १९२५ मध्ये तो धंदा बसला, पण तळ्याला नाव ठेवून गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याच धक्क्याच्या परिसरात झेड स्पेशल युनिटच्या कमांडोंना शिक्षण दिले गेले.

१९२० च्या सुमारास वनखात्याने आपला तळ बेटाच्या पोटात हलवला. तेच सेंट्रल स्टेशन. घरे, शाळा, रोपवाटिका असे छोटे गाव तिथे वसले. कौरी विरळ झाल्यावर नजर सॅटिनेकडे वळली. दोरखंड पिळून गुंडाळावेत तशी साल असलेले हे भव्य झाड. त्याचे लाकूड इतके जड की पाण्यात तरंगत नाही, आणि समुद्रातली लाकूड पोखरणारी कीड त्याला लागत नाही. सुएझ कालव्याच्या आणि लंडनच्या गोद्यांच्या कामांना ते गेले. पाइल व्हॅलीत आज जे सॅटिने उभे आहेत, त्यांच्या सावलीत चालताना ते कापायचे राहिलेले आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

सेंट्रल स्टेशनच्या फळ्यांच्या पायवाटेखालून वांगूल्बा ओढा वाहतो. पाणी इतके स्वच्छ की आत पाणी आहे हे पटकन कळत नाही. पांढऱ्या तळावर एखादे पान हळूच पुढे सरकताना दिसते, तेव्हा प्रवाह आहे याची खात्री पटते. दगडगोटे नसल्याने आवाजही नाही. काठावर अँजिओप्टेरिस जातीचे महाकाय नेचे आहेत, एकेक पान माणसाच्या उंचीच्या दुपटीहून लांब. हजारो वर्षांच्या निसर्गाचा हा तुकडा करवतीच्या गावाच्या ऐन मध्यावर आहे.

रिकामे केलेले बेट

लाकूडतोडीच्या त्याच काळात बेटावरची माणसे संपत गेली. त्याआधीच, १८५१ च्या डिसेंबरात, नेटिव्ह पोलिसांची, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या मूळनिवासी शिपायांची, तुकडी बेटावर उतरली होती. त्यानंतरच्या दशकांत गोळी, दारू, अफू आणि रोगराई यांनी उरलेल्यांना गाठले. १८९७ मध्ये ‘संरक्षणा’च्या नावाखाली आर्चिबाल्ड मेस्टन या सरकारी अधिकाऱ्याने मेरीबरोच्या आसपासच्या मूळनिवाशांना उचलून बेटावर आणून ठेवले, पुढे बोगिम्बा ओढ्यापाशी. क्वीन्सलंडच्या इतर भागांतूनही माणसे तिथे धाडली गेली. १९०० मध्ये अँग्लिकन मिशनने ताबा घेतला. निकृष्ट अन्न, आजार आणि कोंडलेपण यांनी शंभराहून जास्त माणसे मेली. १९०४ मध्ये ठाणे बंद झाले आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांना दूर उत्तरेला, केर्न्सजवळच्या याराबाला, नेले गेले. थोडी कुटुंबे लाकूडतोडीत आणि मासेमारीत तगून राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्याला जीप घेऊन आलेल्या हौशी प्रवाशाला जे ‘निर्जन’ बेट दिसले, ते असे निर्जन करण्यात आलेले होते. इथल्या निसर्गाची जाहिरात करणाऱ्या रंगीत पत्रकांत ही नोंद फार उशिरा आली.

खाण, आणि एका नागरिकाचा हट्ट

वाळूत रुटाइल, झिरकॉन, इल्मेनाइट ही जड खनिजे असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे, त्यामुळे हा मोह कसला हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे खाणकाम सुरू झाले. मेरीबरोचा रहिवासी जॉन सिंक्लेअर याने १९७१ मध्ये ‘फिडो’ ही बेट बचाव संघटना उभी केली. नव्या खाणपट्ट्यांवरची त्याची हरकत खाण अधिकाऱ्याने फेटाळली, का, तर हरकतदार म्हणजे सगळी जनता नव्हे. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, गेले. १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक हित तपासणे हे अधिकाऱ्याचे कामच आहे.

क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री ज्यो ब्येल्के-पीटरसन खाणींच्या बाजूने होते आणि जमीन राज्याच्या अखत्यारीत होती. मग केंद्राने वेगळ्या बाजूने दोरी आवळली. खाण राज्याची असली तरी खनिज परदेशी जाते, आणि निर्यातीचा परवाना केंद्र देते. पर्यावरणाचा विचार करून तो परवाना नाकारता येतो का? १९७६ च्या एप्रिलमध्ये मर्फियोर्स या खाण कंपनीच्या खटल्यात हायकोर्टाने ‘येतो’ असा निकाल दिला. केंद्रीय चौकशी आयोगाने निर्यात थांबवण्याची शिफारस केली, पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी ती मानली, आणि १९७६ च्या अखेरीस खाणकाम थांबले. पंतप्रधानांचे आणि बेटाचे आडनाव एकच असणे हा निव्वळ योगायोग. सिंक्लेअरला त्याच्याच गावात बराच राग सोसावा लागला, कारण कित्येक घरांची चूल त्या खाणीवर पेटत होती.

कुऱ्हाड त्यानंतरही पंधरा वर्षे चालली. क्वीन्सलंडमधला पोलिसी भ्रष्टाचार उघडकीला आणणारे टोनी फिट्झगेराल्ड यांच्याच अध्यक्षतेखाली बेटाच्या भवितव्यावर दुसरा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९९१ मध्ये आला, आणि त्याच वर्षी तब्बल १२८ वर्षांची लाकूडतोड बंद झाली. १९९२ मध्ये युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा म्हटले. युनेस्कोच्या ज्या नोंदीने जगाला या निसर्गाची ओळख करून दिली, ती दोन बंद पडलेल्या धंद्यांच्या पाठीवर उभी होती.

पर्यटकाची पाळी

खाण गेली, लाकूड गेले, वाटा राहिल्या. त्यांच्यावर पर्यटक आला. त्याच्यासाठी मौजेच्या जागा आधीच तयार होत्या. पुळणीवरचे ‘मॅहिनो’चे गंजके धूड त्यांतलेच. १९०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेले हे जहाज पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडचे रुग्णालय जहाज म्हणून गॅलिपोलीला गेले. १९३५ मध्ये भंगारासाठी जपानला ओढत नेताना वादळात दोर तुटला आणि ते इथे येऊन रुतले. पुढच्या महायुद्धात विमानांनी बॉम्बफेकीच्या सरावासाठी ते वापरले. आता त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

पर्यटनाचे ओझे सर्वांत आधी डिंगोंवर पडले. बुचुल्ला ज्याला वोंगारी म्हणतात तो हा प्राणी इथे साधारण दोनशेच्या संख्येने आहे. पाळीव कुत्रे आणायला बंदी असल्यामुळे त्याची जात बरीचशी शुद्ध राहिली आहे. मुक्कामाच्या जागी सांडलेले आणि हौसेने भरवलेले अन्न खात मोठे झालेले डिंगो माणसाला भिईनासे झाले. एप्रिल २००१ मध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्या हल्ल्यात मेला. त्यानंतर तीसच्या आसपास डिंगो मारण्यात आले. आता वस्त्यांभोवती कुंपणे आहेत, अन्न कुलपात ठेवायचे असते, भरवणाऱ्याला जबर दंड होतो आणि मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा असे फलक जागोजाग आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तरेकडे कुणीतरी बेकायदा पेटवलेली शेकोटी नीट विझवली नाही. ती आग सुमारे दोन महिने पसरत राहिली आणि बेटाचा निम्म्याहून जास्त भाग जळाला. खाणीने किंवा करवतीने एका हंगामात एवढे क्षेत्र कधीच धरले नव्हते.

या सगळ्यात मूळ रहिवाशांची बाजू हळूहळू पुढे आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने बुचुल्लांचा पारंपरिक हक्क मान्य केला. आज बुचुल्ला रेंजर बेटाच्या देखभालीत आहेत, आणि थंडीच्या दिवसांत ठरवून थोडे थोडे जाळण्याच्या जुन्या पद्धतीकडे २०२० नंतर सरकारी यंत्रणाही जास्त गांभीर्याने पाहू लागली. ७ जून २०२३ रोजी बेटाचे गरी हे नाव अधिकृतपणे परत आले.

एवढ्या मागोव्यातून एक गोष्ट निश्चित सांगता येते. या बेटावर ‘आता पुरे’ हे नुसत्या निसर्गप्रेमाने कधी घडलेले नाही. १९७५ मध्ये एका नागरिकाला कोर्टाची पायरी चढावी लागली, १९७६ मध्ये निर्यातीच्या परवान्याची कळ दाबावी लागली, १९९१ मध्ये आयोगाचा अहवाल यावा लागला. प्रत्येक वेळी धंदा करणाऱ्यांनी रोजगाराचा हिशेब पुढे केला, आणि तो हिशेब खोटा नव्हता. आजचा धंदा पर्यटनाचा आहे, आणि रोजगाराचा हिशेब तोच आहे. गाड्या किती सोडायच्या, तळ्यावर एका वेळी किती माणसे, वर्षाला एकूण किती, यावर क्वीन्सलंडमध्ये वाद चालू आहे. पर्यटकाला खाणमालकाच्या रांगेत बसवलेले आवडत नाही. आपण तर काही नेत नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पण चाकोरी खोल होते ती वरून किती चाके गेली यावर. कोण कशासाठी निघाले होते याच्याशी वाळूला देणेघेणे नसते. या वेळी फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आकडा ठरवण्याच्या बैठकीत बुचुल्ला हक्काने बसलेले आहेत. जमिनीचे भले आधी हा त्यांचा पहिला नियम त्या बैठकीत मतांच्या तराजूत कितपत टिकतो, यावर पुढच्या पाहुण्याला काय पाहायला मिळेल ते ठरेल.